शेपटीवाल्या फाइली

११ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ऑफिसात आले, संगणक लावला, तर आमचा नेहमीचा प्रोग्राम म्हणतो परवान्याची मुदत संपली. चहाचा कप तसाच राहिला.

वर्नना फोन केला. वर्न ट्रूडेल आमच्या ऐतिहासिक मंडळाचे अध्यक्ष, एरवी हार्डवेअरचं दुकान चालवतात. म्हणाले, "लोर्ना, यंदा छपराची गळती आधी. फुकटातलं काहीतरी बघ की. इंटरनेटवर आजकाल सगळं फुकट मिळतं."

त्यांना सांगायला काय जातंय! हेरॉन पॉइंटच्या दीपगृहाच्या रखवालदाराची बायको हॅना पास्को हिने बहिणीला लिहिलेली चारशे बारा पत्रं आमच्याकडे आहेत. अकरा वर्षं आयली रौतिओ ती एकेक करून टाइप करताहेत, एक छदाम न घेता. नुसती टाइप करून भागत नाही. प्रत्येक तारीख, गाव, माणूस टोकदार कंसांच्या खुणांमध्ये बसवायचा, उघडलेली खूण बंद करायची. या प्रकाराला एक्सएमएल म्हणतात आणि एक खूण चुकली की यंत्र फुगून बसतं. राज्याच्या पुराभिलेख संग्रहाला वेबवर टाकण्यासाठी सगळी पत्रं अशीच हवी आहेत, २९ मार्चपर्यंत, आणि चारशे बाराच्या चारशे बारा. एक जरी सदोष निघालं तर गठ्ठा परत, पुढची संधी तीन वर्षांनी. आयलीबाई ब्याऐंशीच्या आहेत. ही पत्रं लोकांसमोर आलेली त्यांना डोळ्यांनी बघायची आहेत, असं त्या गेली पाच वर्षं म्हणताहेत.

तीनशे अडुसष्ट तयार आहेत. शेवटची चव्वेचाळीस आयलीबाई शुक्रवारी आणणार. तोवर मला फुकटातला, पण भरवशाचा एडिटर, म्हणजे असल्या फाइली लिहायचा-तपासायचा प्रोग्राम, शोधायचा आहे.

१३ फेब्रुवारी, बुधवार

संगणकाबरोबर जो साधा मिळतो तो उघडून पाहिला. सगळं एकाच रंगात. कंस कुठे आणि हॅना कुठे काही कळेना. चूक असली तरी तो बिचारा बोलत नाही, मुकाट जतन करतो. असला शांत माणूस नवरा म्हणून चालेल, एडिटर म्हणून नाही.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

आयलीबाई आल्या. भाच्याने गाडीतून सोडलं. आता हिवाळ्यात त्या गाडी चालवत नाहीत म्हणे. मागच्या हिवाळ्यात चालवत होत्या, पण वयही झालं. निसू, म्हणजे त्यांचा फिनिश गोड पाव, आणला होता, वेलदोड्याचा वास अजून हाताला आहे. पेनड्राइव्ह नेहमीसारखा लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला.

मी कॉफी पुढे केली. कपात साखर घालताना अर्धी टेबलावर सांडली. मी म्हटलं, "असू दे, मी पुसते." तर चिडल्या.

"माझी साखर मी पुसेन. तू फाइलींचं बघ. सगळ्या उघडशील ना?"

"उघडणारच. तपासायच्या आहेत."

"तपासशील ते ठीक आहे गं. वाचशील का?"

म्हटलं, वाचीन. माझ्यावर त्यांचा विश्वास नाही हे जरा लागलं. निघताना सहज सांगितलं की त्यांनी घरचा संगणक चर्चच्या जुन्यापुराण्या वस्तूंच्या बाजाराला देऊन टाकला. घरात जागा होत नव्हती म्हणे. एवढं मोठं घर, एकटी बाई आणि जागा होत नाही! पण आवराआवरीची लहर कुणालाही येते.

१८ फेब्रुवारी, सोमवार

रविवारी ब्रिटाचा मिनियापोलिसहून फोन. माझी लेक संगणकावरच पोट भरते. तिने सुचवलेला एडिटर उतरवून घेतला. डावीकडे पट्टी, उजवीकडे पट्टी, खाली काहीतरी सरकतंय, आणि मी एक कंस टाकला की तो स्वतःच पुढचे तीन टाकतो. शिवाय उघडला रे उघडला की म्हणतो, मला अद्ययावत करा. आधी मीच माझ्या मनाशी बोलते, त्यात हा एक वाचाळ.

"आई, तू एडिटर निवडतेयस की जावई?" तक्रार केली तर ब्रिटा म्हणाली.

"जावई चुकीचा निघाला तर तुझं तू बघशील. इथे माझी अकरा वर्षं आहेत."

"तुझी नाहीत, आयलीबाईंची आहेत," ती म्हणाली. खरंच आहे ते.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

तिसरा एडिटर. विद्यापीठातली जुनी मंडळी वापरतात तो. दिसायला कळकट, आणि जतन करायचं तर दोन-दोन कळा एकदम दाबायच्या, बोटांची गाठ बसते. पण चूक असेल तिथे लाल रेघ ओढून ओळ क्रमांकासकट सांगतो. खोटी गोडी नाही, वायफळ बडबड नाही. माझा जीव जरा भांड्यात पडला.

एकच खोड आहे. फाइल बदलून जतन केली की तो जुन्या फाइलीची एक प्रत शेजारी टाकून ठेवतो, नावापुढे वळवळती शेपटी (~) लावून. दिवसभरात फोल्डरात या शेपट्याच शेपट्या, जसं काही घरात उंदीर झालेत. ब्रिटाने बंद करायची युक्ती सांगितली. पिवळ्या चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवली आहे, उद्या करते.

वर्न आले होते. त्यांनी त्या शेपट्या बघितल्या आणि खूश झाले. "हा माझ्यासारखा आहे, काही फेकत नाही!" ऑफिसच्या फळीवर त्यांचे कॉफीचे सात डबे आहेत, सुटे स्क्रू, वाकडे खिळे, कसल्या कसल्या चकत्यांनी भरलेले. मी मागच्या वर्षी ते कचऱ्यात टाकायला काढले तर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

२५ फेब्रुवारी, सोमवार

आयलीबाईंच्या चव्वेचाळीस फाइली उघडल्या. एकोणचाळीसमध्ये लाल रेघ.

अकरा वर्षांत त्यांच्या फाइलीत कधी चूक सापडली नव्हती. माझी पाचावर धारण बसली. नक्की हा एडिटरच बिघडलाय.

२७ फेब्रुवारी, बुधवार

ब्रिटाच्या वाचाळाकडे त्याच फाइली नेल्या. त्यानेही त्याच ओळीवर बोट ठेवलं. चौथा म्हणून एक हिरव्या चिन्हाचा उतरवला, त्यानेही तेच सांगितलं. चार जावई बदलून झाले, दोष घरातच दिसतोय.

वर्नना अजून सांगितलेलं नाही. दोनदा फोन उचलला आणि ठेवला. झोप धड नाही.

४ मार्च, सोमवार

सापडलं! आणि इतकं साधं, की रडू आणि हसू एकदम आलं.

फाइलीत टिपण्या लिहायची सोय असते. त्या खास खुणांमध्ये लिहायच्या, यंत्र त्या वाचत नाही, वेबवरही दिसत नाहीत. माणसाने माणसासाठी लिहायच्या. अट एकच, टिपणीच्या आत दोन आडव्या रेघा जोडून यायला नकोत, कारण टिपणी संपल्याची खूण तीच. आणि आयलीबाई तर चाळीस वर्षं खाणीच्या ऑफिसात टंकलेखक. बोलता बोलता थांबायचं तिथे त्या पिढीची बोटं आपोआप दोनदा रेघ मारतात. आजवर त्यांनी टिपण्या फारशा लिहिल्याच नव्हत्या. यंदा जिथे तिथे लिहिल्या आहेत आणि प्रत्येकीत दोन रेघा.

दोन-तीन वाचल्या. "या ओळीतला शब्द मूळ पत्रात नीट पाहावा." नेहमीचंच काळजीचं बोलणं. टिपण्या काही पत्रांचा भाग नाहीत. ब्रिटाला विचारलं, तिने एक ओळ दिली, ती त्या कळकट एडिटरात चालवून जतन केलं की सगळ्या फाइलींतल्या सगळ्या टिपण्या एका झटक्यात गायब. चालवली. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस फाइलींवरची लाल रेघ गेली.

तयार फाइली पेनड्राइव्हवर चढवल्या, जुन्यांवरूनच, म्हणजे घोळ नको. आठ दिवसांनी आज पोटभर जेवले. पास्टी, खाणवाल्यांची ती मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, वर लोणचं.

६ मार्च, बुधवार

वर्न शेवटचं पत्र वाचत बसले होते, हॅनाचं चारशे बारावं. वळून बघते तर चष्मा काढून डोळे पुसताहेत. हा माणूस स्वतःच्या भावाच्या दफनविधीत रडला नव्हता.

"ऐक," म्हणाले, "'दिवा मी रोज लावते, हातांना सवय आहे म्हणून. उजेड पडला हे मला काचेच्या उबेवरून कळतं. लांबून येणाऱ्याला दिसला म्हणजे झालं.' लोर्ना, ही ओळ दीपगृहाच्या रस्त्यावर पाटी करून लावायची. रंगाऱ्याला आजच सांगतो."

मलाही आवडली. एरवी हॅना कोंबड्या आणि खोकला यापलीकडे जात नाही. शेवटी शेवटी बाईला काय सुचलं कोण जाणे.

११ मार्च, सोमवार

गठ्ठा राज्याकडे पाठवला. पोच आली. आयलीबाईंना फोन केला.

"सगळ्या वाचल्यास?"

"हो," मी म्हटलं. तपासल्या होत्या, वाचल्या नव्हत्या. पण आनंदाच्या दिवशी कशाला.

"आत लिहिलेलंही?"

"हो, हो. सगळं."

मग म्हणाल्या, "आणि तरी पाठवलंस."

"पाठवायचंच होतं ना! छान झालंय."

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. ना धन्यवाद, ना हसणं. अकरा वर्षांचं काम संपलं की रितं वाटत असेल. पण माझं मन थाऱ्यावर नाही. त्यांच्या त्या 'तरी'चा अर्थ काय?

१८ मार्च, सोमवार

कोट न काढताच लिहायला बसले.

आयलीबाईंकडे सूप घेऊन गेले. दार उघडं होतं. त्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या आणि किटलीत पाणी किती झालं ते आत बोट घालून बघत होत्या. मी समोर उभी, आणि त्यांनी विचारलं, "कोण आहे?"

मी म्हटलं, "मी लोर्ना." आणि मला एका क्षणात साखर, गाडी, संगणक सगळं कळलं. इतके दिवस मी काय बघत होते?

"उजवा डोळा उन्हाळ्यात गेला," त्या म्हणाल्या. "डाव्याच्या मध्यभागी डाग आहे. कडेकडेचं दिसतं, म्हणजे तुझे कान दिसतात, तोंड नाही. तुला हे नवीन आहे का? प्रत्येक पत्रात लिहिलंय मी. कुठे दिसलं नाही, कुठे अंदाजाने घातलं. तोंडाने बोलवेना म्हणून तिथे लिहिलं. तू म्हणालीस वाचलंय."

मी सूपचं भांडं टेबलावर ठेवलं. शेवटी सांगितलं. न वाचता पुसलं, आणि वाचलं म्हणून खोटं बोलले.

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मग आता हॅनाच्या तोंडी माझे अंदाज कायमचे राहणार. अकरा वर्षं एक शब्द पदरचा घातला नव्हता गं मी."

घरचा संगणक विकला गेलाय. पेनड्राइव्हवर मीच नव्या फाइली चढवल्यात. राहिल्या त्या शेपट्या. जुन्या प्रती, टिपण्यांसकट. पण ती पिवळी चिठ्ठी! शेपट्या बंद करायची युक्ती मी केली की नाही, मला अजिबात आठवत नाही.

१९ मार्च, मंगळवार

कुलूप उघडायच्या आधीच मी ऑफिसच्या दारात. चिठ्ठी पडद्याला तशीच चिकटलेली. म्हणजे युक्ती केली नव्हती, माझा आळस पहिल्यांदाच कामी आला. फोल्डर उघडला. एकही शेपटी नाही.

मी तिथेच टेबलावर डोकं टेकून रडले. तेवढ्यात वर्न आले. त्यांना सगळं सांगितलं, डोळ्यांचंही. आता लपवून काय करायचं.

"डोळ्यांचं मला माहीत होतं," वर्न म्हणाले. "नाताळपासून दुकानात स्क्रूची मापं बोटांनी ओळखते ती. मला वाटलं, तू रोजची, तुला आधी कळलं असेल."

"आणि शेपट्या?"

"त्या होय? तू उंदीर उंदीर म्हणून ओरडत होतीस, म्हणून चार तारखेला संध्याकाळी उचलून ठेवल्या."

"कुठे?"

त्यांनी माउस हातात घेतला, दोन बोटांनी, गरम कढई धरावी तसा. संगणकावर त्यांनी एक फोल्डर केला होता, नाव 'कॉफीचा डबा'. आत सगळ्या शेपट्या, रांगेत. मी वर्नना मिठी मारली. तीस वर्षांत पहिल्यांदा. ते म्हणाले, "पुरे, पुरे. आणि माझ्या डब्यांना पुन्हा हात लावायचा नाही."

राज्याला लिहून गठ्ठा परत मागवला. त्यांनी कारण विचारलं, मी खरं लिहिलं, माझी चूक. उत्तर आलं, २९ तारखेपर्यंत पुन्हा द्या, नाहीतर तीन वर्षं थांबा.

२० मार्च, बुधवार

दिवसभर टिपण्या वाचल्या. लाल रेघेसकट, एकेक.

"ओळ ७, शब्द 'बर्फ' असावा -- किंवा 'बाळ'. बाळ असेल तर फार मोठी गोष्ट आहे, लोर्ना, नक्की बघ."

"आज अक्षरं पाण्यात पडल्यासारखी -- उद्या सकाळच्या उजेडात पुन्हा."

"मंडळाला सांगू नकोस -- पत्रं काढून घेतील माझ्याकडून. मग मी सकाळी उठून काय करू?"

आणि शेवटच्या, चारशे बाराव्या पत्राच्या वर: "हे मी वाचलेलंच नाही. पान पांढरं दिसतं. हॅनाने काय लिहायला हवं होतं ते लिहिलंय -- खरं काय ते तू घाल. हे फेकून दे."

वर्नच्या पाटीवरची ओळ हॅनाची नाहीच. मी ती ऐकली होती, आवडली म्हणाले होते, आणि ती कोण बोलतंय ते मला कळलं नव्हतं.

२२ मार्च, शुक्रवार

रोज सकाळी मूळ पत्रांची पेटी घेऊन आयलीबाईंकडे. मी भिंगाखाली मोठ्याने वाचते, त्या ऐकतात. मी अडले की त्या सांगतात. "बहिणीच्या मुलीचं नाव आहे ते, टॅमसिन. हॅना टी-ची आडवी रेघ मारतच नाही." पत्र डोळ्यांसमोर नसताना! सात क्रमांकाच्या ओळीत शब्द 'बर्फ' निघाला. आम्ही दोघींनी सुस्कारा टाकला.

वर्नना पाटीचं सांगितलं. रंगाऱ्याला थांबवतो म्हणाले. मग म्हणाले, "ओळ मात्र खरी होती."

२६ मार्च, मंगळवार

सत्तावीस झाल्या, सतरा राहिल्या. आयलीबाईंना खोकला आहे. झालं नाही तर? त्या म्हणतात, "तू काळजी कर, मी निसू करते, ज्याला जे येतं ते."

२८ मार्च, गुरुवार

शेवटचं पत्र राहिलं होतं. आयलीबाईंना ऑफिसातच आणलं. हॅनाचं मूळ पत्र मी वाचलं:

"कोंबड्या अंडी देईनाशा झाल्यात. दोन वार फ्लॅनेल पाठव, तपकिरी नको. विल्यमचा खोकला तसाच. सरोवर गोठलं. बाकी बरं."

"कोंबड्या?" आयलीबाई म्हणाल्या, आणि हसायला लागल्या, खोकेपर्यंत हसल्या. "अकरा वर्षं मी हिच्यासाठी डोळे घालवले, आणि शेवटी कोंबड्या! शाबास गं बाई."

मी हॅनाच्या कोंबड्या खुणांमध्ये बसवल्या. मग विचारलं, "आणि तुमचं पत्र?"

"फेकून दे म्हटलं होतं."

"टिपणीत ठेवते. हॅनाच्या पत्राखाली, तुमच्या नावाने. फक्त आत दोन रेघा नकोत, एकच."

"एका रेघेत माझा श्वास पुरा होत नाही." पण मग म्हणाल्या, "घाल. दिसेल का कुणाला?"

"वेबवर वाचणाऱ्याला नाही. जो फाइल उघडून आत बघेल त्याला."

"म्हणजे तुझ्यासारख्या घाबरटाला, चार चार एडिटर पालथे घालणाऱ्याला."

"हो," मी म्हटलं. "यापुढे वाचणाऱ्या घाबरटाला."

त्यांनी हात पुढे केला, पडद्यावर ठेवला, आणि तो ऊन आहे का ते बघितलं. मी त्यांचं पत्र मोठ्याने वाचत टाइप केलं, दिवा, काच, ऊब, सगळं, आणि खाली त्यांचं नाव. चारशे बारा फाइली तपासल्या. एकही लाल रेघ नाही. गठ्ठा गेला, पोच आली.

पडद्यावरची पिवळी चिठ्ठी काढून टाकली. शेवटची फाइल जतन केली तेव्हा शेजारी तिची शेपटीवाली प्रत उमटली, ती मी वर्नच्या डब्यात ठेवून दिली.